तिसरी हाक

१

सवत हाडामासाची असली तं तिच्याशी भांडता येते. माही सवत टिनाच्या पेटीत होती.

पह्यले माहं सांगते. मी सत्यशीला. लहानपनी माहं नाव कचरी होतं. छप्पन साली बाप नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला, घरातले देव टोपल्यात भरून नदीत सोडले अन् माहं नाव बदललं. दोन दिवस कोनी कचरी म्हनून हाक मारली तं मी ओ देल्ली नाही. तिसऱ्या दिवसापासून सारे सत्यशीला म्हनाले लागले. भूत-प्रेत आमी मानत नाही. हे आधीच सांगून ठेवते, नाहीतं पुढचं आयकून म्हनसान, बाई येडी हाये.

एकसष्ट साली लग्न झालं अन् मी आर्णीत आली. नवरा कापसाच्या जिनात कामाले. घर दोन खोल्याचं, वर कवेलूचं छप्पर. बाहेरची खोली आमची, आतली सासूची. सासूचं नाव रुखमाबाई. बाई वाईट नोहोती, पन बोलनं मोजून-मापून. दुपारची जेवनं झाली का ती आतल्या खोलीत जाये, टिनाची पेटी उघडे, अन् लहान पोट्टीच्या मापाचा हिरवा घागरा, लाल चोळी अन् ओढनी आंगनातल्या दोरीवर वाळू घाले. घंटाभरानं घडी करून परत पेटीत. रोज. एक दिवस खाडा नाही. कसर लागू नये म्हनून करत असन म्हातारी, असं मले वाटे.

नवी नवरी मी, पन मोहल्ल्यात कोनी माह्या लुगड्याकडे पाह्यलं नाही. जी बाई ये ती दोरीवरच्या घागऱ्याकडे पाहे अन् म्हने, "माय व, मैनेचा हाये ना हा? काय नाचे व मैना!"

मैना म्हंजे माहा नवरा.

२

नवऱ्याचं नाव मी घेत नाही. आमच्यात बाया घेत नाहीत. देव टाकले, पन ही पद्धत कोनी टाकली नाही. म्हनून शेजारच्या इंदूबाईच्या तोंडून सांगते. तिनंच मले सारं सांगलं, अंबाडीची भाजी निसता निसता.

"अव, श्रावण नऊ वर्साचा होता तवा पंजाबराव मास्तरनं त्याले गंमतीच्या पार्टीत घेतलं." गंमत म्हंजे ढोलकीवरचा खेळ, त्याच्यात बाईचं सोंग पोट्टेच घेत. "कळंबची जत्रा म्हन, मुकुटबनचा बाजार म्हन, मैना उभी राह्यली का मानसं झाडावर चढून पाहत. खरी पोट्टी फिकी पडे तिच्यापुढं!"

मास्तरचा एक कायदा होता. तोंडाले रंग लागला का पोट्ट्याचं खरं नाव कोनी घ्याचं नाही, मैनाच म्हनाचं. खेळ सरला का जवसाच्या तेलानं रंग पुसाचा अन् घरच्या मानसानं खऱ्या नावानं तीन हाका माराच्या. तिन्ही हाकेले पोट्ट्यानं ओ द्याची, मगच उठाचं. नाहीतं पोट्टे घरी बी बाईवानीच चालतात, असं मास्तर म्हने. मले हे पटलं. शाळेत हजेरी घेतात तसंच हे. रंग पुसाचं अन् हाका माराचं काम माह्या सासूचं. ती पार्टीसंग गावोगाव फिरे.

छप्पनच्याच कळंबच्या जत्रेत मैनेचा आवाज फाटला. तेरा वर्साचा झालता पोट्टा. तो शेवटचा खेळ. मग मास्तरनं त्याले शिपाई केलं, प्रधान केलं. दीक्षेनंतर पार्टी नवीन गाने म्हनाले लागली तवा मांगच्या रांगेत उभं केलं. कुठीच जमलं नाही. "पाठांतर पक्कं," इंदूबाई म्हने, "पन तान्ह्या पोळ्यातला लाकडाचा बैल बोलून राह्यला असं वाटे." मग त्याले पडदा ओढाले ठेवलं, मग बत्ती सांभाळाले, अन् शेवटी मास्तरनंच जिनात लावून देल्लं.

घरी बी तो तसाच. रागवे ना, हासे ना. भाजीत मीठ जास्त पडलं तरी मुकाट्यानं खाये. मी म्हटलं, गरीब स्वभाव हाये. दारू पीत नाही, हात उचलत नाही, बाईले अजून काय पाह्यजे? लग्नात बाया नाव घे, नाव घे करून मांगं लागल्या, तवा मी चांगलं मोठ्यानं म्हटलं होतं:

"जिनातल्या कापसाची सरकी काढली वेगळी,
श्रावणरावाचं नाव घेते, आयका सारी मंडळी."

साऱ्या हासल्या. त्यानं वर बी पाह्यलं नाही. "लाजला व पोट्टा," बाया म्हनाल्या. मले तवा ते लय आवडलं होतं.

३

मी जळत होती. खोटं कायले बोलू? ज्या वर्सात माहा नवरा हासत होता, नाचत होता, चार हजार मानसाले येडं करत होता, ते सारे वर्स तिचे. मले भेटलं ते जेवून उठल्यावरचं खरकटं ताट. आरशात पाहून मी कुंकू लावो अन् मनात ये, मैनेले कसं शोभत असन? एकडाव पान्याले जाताना मी घागऱ्याजवळून गेली अन् मुद्दाम त्याले खांदा मारला. दोरीवरच्या कपड्याशी भांडन! मलेच हासू आलं.

बासष्टच्या उन्हाळ्यात सासूले ताप भरला. उठवत नोहोतं. दुपारी तिनं गोधडीतून हात काढला अन् म्हनाली, "सत्यशीला, तेवढं वाळू घाल व."

"एक दिवस नाही घातलं तं काय होते, आत्याबाई?"

"घाल म्हटलं ना."

मी पेटी उघडली. चोळी हातात घेतली अन् तशीच बसून राह्यली. चोळी ओली होती. काखंत ओली. बाकी कोरडी ठनठनीत, अन् दोन्ही काखंत घामाचे मोठे मोठे डाग, त्याच्या काठाले मिठाची पांढरी रेघ. वास घेतला. उन्हात खेळून आलेल्या लेकराचा घाम अन् जवसाचं तेल. गळ्यापाशी बोट लावलं तं पांढरा रंग बोटाले आला.

सहा वर्स झाले होते कोनी ते आंगात घालून.

मी डोकं चालवलं. भिंत ओल धरत असन, पन वैशाखात कोनती भिंत ओल धरते? अन् धरली तं काखंतच कशी धरते? मग वाटलं, म्हातारी कोनाची तरी पोट्टी आनून तिले नटवते. पन घराले दार एकच, अन् त्या दारात मी दिवसभर बसलेली. संध्याकाळी नवरा आला तवा मी सरळच इचारलं, "अवो, त्या पेटीतल्या कपड्याले कोन हात लावते? तुमी?"

त्यानं पाय धुतले, आंगोछ्यानं पुसले. "मले ते येतात का आंगात?" तो म्हनाला. मग भाकर मांगली.

४

त्या दिवसापासून माहे कान आतल्या खोलीकडे. सासू बरी झाली. एका दुपारी ती आंगनात निंबाखाली तूर पाखडत होती अन् मी चुलीपाशी राख काढत होती. नवरा जिनात. सुपाचा आवाज थांबला. सासू आपल्याच तंद्रीत, नेहमीची सवय असल्यावानी, मोठ्यानं म्हनाली, "मैना, झोपली का व बाई?"

आतल्या खोलीतून आवाज आला, "नाही व माय, बसली हाये."

लहान, गोड, थोडासा रुसलेला आवाज. माह्या हातातली राख पायावर सांडली. सासूनं मले पाह्यलं, मान खाली घातली अन् सूप हालवाले लागली.

मी पयतच इंदूबाईकडे गेली. आमची भिंत एकच. तिची पोट्टी लाली बोलली असन, दुसरं काय? "लाली कुठी हाये?" मी इचारलं. इंदूबाई म्हनाली, "आजीकडे गेली ना मुकुटबनले, आठ दिवस झाले. काहून?"

"काही नाही, सहज," मी म्हटलं.

भेव वाटलं, नाही कसं म्हनू. पन रस्त्यानं घरी येता येता मले भेवापेक्षा राग आला. सासू कसं म्हनाली होती, झोपली का व बाई! लग्न होऊन वर्स झालं, दोनदा माहं पोट खाली झालं, पन मले त्या आवाजात तिनं कदी इचारलं नोहोतं का बाई झोपली का, जेवली का. आतमधी जे कोन असन ते असो, पन लाड तिचे अन् राख मी काढाची!

मी मनात ठरवलं, नवऱ्याले घेऊन या घरातून निघाचं. कुठी बी. तो माहा, त्याच्यात वाटेकरी नाही पाह्यजे.

५

मनातलं आयकल्यावानी पुढच्या इतवारी पंजाबराव मास्तर घरी आले. डोक्यावर काळी टोपी, हातात काठी, थकले होते. म्हनाले, "रुखमाबाई, यवतमाळात नवी पार्टी उभी करून राह्यलो. श्रावणले अजून एकडाव उभं करून पाहाव म्हनतो. जमलं तं तिथंच राहाले खोली देतो. दोघं नवरा-बायको राहतीन."

मी पदर तोंडाले लावला, मले इतका आनंद झाला. यवतमाळ! आपली खोली, आपली चूल, अन् पेटी इथं आर्णीत. पंधरा दिवस मी त्याच्या मांगं लागून मास्तरनं देल्लेलं राजाचं भाषन घोकून घेतलं. त्याले सारं पाठ झालं. पन 'माहा मुलगा मेला' हे तो अशा आवाजात म्हने, जसं कोनी म्हनावं का चटनी सरली.

"अवो, जरा जीव लावून म्हना ना!"

"लावतो ना," तो म्हने. अन् परत तसंच.

मग एका दुपारी मास्तर तालमीले आले. आंगनात बाज टाकून बसले. सासू ओट्यावर, मी दारात. नवरा उभा राह्यला अन् सारं भाषन म्हनून मोकळा झाला, एक शब्द चुकला नाही. मास्तर म्हनाले, "थांब, तुले जरा गरम करू." मास्तरनं मांडीवर ढोलकीचा ठेका धरला अन् जुना सवाल टाकला, "काय व मैना, एवढी नटून कुठी चालली?"

नवरा त्याच्याकडे पाहत राह्यला. त्याले जवाबच माहीत नोहोता.

आतल्या खोलीतून जवाब आला, ठसक्यात, ठेका पकडून: "तुमची अक्कल जत्रेत हरपली, थे हुडकाले चालली!" अन् मांगून हासू. पोट्टीचं खळखळ हासू.

मास्तरचा हात मांडीवरच थांबला. मास्तरनं माह्या नवऱ्याच्या तोंडाकडे पाह्यलं, गंज येळ पाह्यलं, जसं कोनी बैल घेताना पाहते. मग सासूकडे वळले.

"रुखमाबाई, त्या शेवटच्या खेळाले कळंबले तीन हाका मारल्या होत्या ना व?"

सासू बोटानं ओटा उकरत होती.

"मारल्या होत्या ना?"

"दोन मारल्या," ती म्हनाली. "तिसरी तोंडातच राह्यली, मास्तर. मले पोट्टी नोहोती. चार वर्स मैना होती मले."

मास्तर उठले. काठी घेतली. यवतमाळचं नाव काढलं नाही, पानी बी घेतलं नाही. फाटकापाशी माह्या नवऱ्यानं वाकून त्याच्या पायाले हात लावला तं म्हातारा दोन पावलं मांगं सरकला.

६

पुढच्या मंगळवारी सासू भाच्याच्या लग्नाले मुकुटबनले गेली. जाताना म्हनाली, "दुपारचं वाळू घालजो." बाकी काही नाही. जिनाचा हंगाम सरला होता, म्हनून नवरा घरीच. बाहेरच्या खोलीत बाजेवर बसून सुतळी वळत होता.

मी जेवनं उरकली, भांडे घासले, हात पुसले. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मले वाटलं, रॉकेल घ्याव अन् पेटी जाळून टाकाव. कपडाच तो. घामट कपडा. मी दार उघडलं.

कवेलूतून रुपायाएवढा उजेड जमिनीवर पडला होता. पेटी उघडी, रिकामी. उजेडाच्या पलीकडे पाटावर कोनीतरी माह्याकडे पाठ करून बसलं होतं. हिरवा घागरा आवरून घेतलेला. भांग सरळ पाडलेला. मान पुढं केलेली, डोळे मिटून कोनी तोंड पुसून देईन म्हनून लेकरू करते तशी. कानामांगं पांढरा रंग होता अन् त्याच्यावरून तेलाचा ओघळ गेला होता. तोंड मले दिसलं नाही. मी पाहाले थांबली नाही.

दार ओढून घेतलं अन् एक हात कडीवर ठेवून उभी राह्यली. डोकं चालत होतं माहं, खरं सांगते. मी कचरीची सत्यशीला झालती ती हाकंनंच ना? मग म्हातारीनं जे अर्धं ठेवलं ते पुरं केलं का झालं. तिसरी हाक मारली का मैना सरली. पेटीत कपडा राहीन, अन् माहा नवरा हासन, रागवन, सारा माहा होईन.

तो चार हातावर बसला होता. सुतळी मांडीवर वळत होता. त्याच्याकडे तोंड केलं, डोळ्यात पाहाचा प्रयत्न केला, अन् जे आमच्यातली बाई कदी करत नाही ते केलं. पदर सावरला अन् नवऱ्याचं नाव घेऊन हाक मारली.

"श्रावण!"

त्याचा हात थांबला नाही.

आतून आवाज आला, "ओ! आलो माय, आलो!"

आली नाही. आलो. पोट्ट्याचा आवाज, मधातच फाटलेला, अन् असा हर्कलेला का सहा वर्स कोनी त्याच हाकंची वाट पाहत बसलं होतं. घुंगरू वाजले. पावलं पयत आली.

बाजेवर बसलेल्यानं मान वर केली. "कोनाले हाक मारली व?" त्यानं इचारलं. त्याले मस्करी येत नोहोती, कदीच येत नोहोती. तो खरंच इचारत होता.

दार आतून ढकललं गेलं, माह्या कमरेएवढ्या उंचीवर.

मी कडी लावली.

कायले लावली? इचारा. मी बी गंज दिवस सोताले इचारलं. तो बाहेर आला असता, तेरा वर्साचा, तेल लागलेल्या तोंडाचा, तं बाजेवरचा हा कोन, हे मले पाहा लागलं असतं. दोघाले एकाठाई पाहाची माही हिंमत नोहोती. अन् हाच माहा होता. जसा असन तसा, यालेच मी भाकर वाढत होती. आतमधून तो म्हनत होता, "माय, उघड ना व. हाक मारली ना तू?" मले माय समजून. मी दाराले पाठ लावून बसली, दिवस कलेपर्यंत.

"काही नाही," मी याले म्हटलं. "मोहल्ल्यातल्या एका पोट्ट्याले मारली."

"बरं," तो म्हनाला अन् सुतळी वळाले लागला.

सासू तिसऱ्या दिवशी आली. कडी पाह्यली. माह्या तोंडाकडे पाह्यलं अन् तिले समजलं. "तिसरी मारली?" मी मान हालवली. "मग उघडलं काहून नाही व?" मी बाजेकडे पाह्यलं. तिनं बी पाह्यलं. मग ती दारापाशी बसून रडली, पन कडी तिनं बी काढली नाही. तिनं त्याले काय तोंड दाखवलं असतं?

७

सासू पासष्टले गेली. आता ते काम माह्याकडे. दुपारी जेवनं झाली, घरी कोनी नसलं, का मी कडी काढते, खाली मान घालून पेटीपाशी जाते, कपडे घेते अन् बाहेर येते. चोळी आता कोरडी राह्यते. ओढनीचं टोक ओलं राह्यते. ते मी वाळू घालते अन् घंटाभरानं परत नेऊन ठेवते. पाटाकडे पाहत नाही. कोनी बोलत बी नाही. रुसला हाये.

आमाले दोन लेकरं झाले. गुणाचे हायेत दोघं. रडत नाहीत, हट्ट करत नाहीत, जिथं बसवलं तिथं बसतात. इंदूबाई म्हनते, बापावर गेले.

नवऱ्याले मी 'अवो' म्हनते. तो लगेच पाहते. आमच्यात पद्धतच तशी, कोनाले वावगं वाटत नाही. फक्त लग्नकार्यात, हळदीच्या दिवशी बाया जमल्या का माह्या मांगं लागतात. "सत्यशीला, तू आता कदीच घेत नाही व! आज तं नाव घे नवऱ्याचं, चांगलं मोठ्यानं घे!"

मी पदर तोंडात धरते अन् लाजल्यावानी करते.